साल : अंगणात पाहा

फोन आला तेव्हा मी पोर्च धुवून राहिलो होतो. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडून वारा वाहिला की सकाळी फरशीवर काळी भुकटी बसलेली असते, बोट फिरवलं तर काजळासारखी बोटाले येते. म्हणून भनपुरीच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सकाळी सगळ्याच घरांपुढे पाइप चालू असतात. चार दिवस दवाखान्यात बसून मी आंघोळीपुरता घरी आलो होतो. आंघोळ राहिली बाजूले, आधी पाइप हातात घेतला. सवय आहे. तेवढ्यात संजूचा, माझ्या पोराचा, फोन. "पापा, मम्मी नहीं रहीं." त्याले मराठी सगळी समजते, पण बोलतो हिंदीत, आईची खबरही हिंदीतच दिली. मी "हव" म्हटलं. नुसतं हव. पाइप बंद करायचं सुचलं नाही. पाणी संजूच्या गाडीच्या पुढच्या चाकाखालून वाहत फाटकाबाहेर गेलं, आणि मी त्या चाकाजवळच्या सिमेंटकडे पाहत उभा राहिलो. त्या हातभर जागेबद्दल कुसुमले एक गोष्ट सांगायची होती मले. सांगू सांगू म्हणता वर्षं गेली. आता ती ऐकणार नाही, आणि मी लिहून राहिलो. तोंड वर करून सांगावी अशी गोष्ट नाही ती, म्हणून खाली मान घालून लिहितो.

कुसुम माझी बायको. सरकारी शाळेत मास्टरीन होती, पोट्ट्यांले भूगोल शिकवायची. मी पाचवीपर्यंत. भंडाऱ्याकडून रायपुरात आलो तो भनपुरीच्या एका आरामशिनीवर लागलो आणि लाकूड चिरता चिरता म्हातारा झालो. तिचे वडील रेल्वेत होते. पोरगी मॅट्रिक आणि जावई भुसा झटकत येणारा, हे त्यांनी कसं मान्य केलं ते त्यांनाच माहीत. लग्नानंतर ती पुढे शिकली, नोकरीला लागली, आणि माझी जी गंमत व्हायची ती झाली... पाऱ्यात लोक मले मास्टरीनबाईचा नवरा म्हणू लागले. मले ते झोंबायचं. पुढे जे जे मी केलं त्याच्या मुळाशी थोडं हे झोंबणंही असेल. खोटं कायले बोलू.

संध्याकाळी मी मशिनीवरून यायचो तेव्हा ती पोळ्या लाटत असायची, आणि लाटता लाटता उद्याचा धडा मले सांगायची. शाळेत शिकवायचं हिंदीत, पण तालीम घरी, मराठीत, माझ्यावर. म्हणायची, "तुम्हाले समजलं म्हणजे पोट्ट्यांले समजेलच." त्यात टोमणा होता का, ते मले शेवटपर्यंत कळलं नाही. जगातल्या जंगलांचा धडा दर वर्षी यायचा आणि त्या आठवड्यात तिचा चेहराच वेगळा असायचा. जंगल म्हणजे एकच नाही जी, म्हणायची. जिथं बारा महिने पाणी पडते तिथं झाडाले पान टाकायची गरजच नाही. वर इतकी दाटी की खालची जमीन ऊन पाहतच नाही. पार उत्तरेत, बर्फाच्या देशात, झाडं सुईसारखी पानं ठेवतात आणि उतरत्या छपरासारखी उभी राहतात, बर्फ घसरून जाते. समुद्राच्या खाऱ्या चिखलात खारफुटी; चिखलात हवा नाही, म्हणून तिची मुळं वर नाक काढून श्वास घेतात. जिथं पाण्याचा पत्ता नाही तिथं पानाचा काटा होते. आणि आपलं हे इकडचं, पानझडी.

"आपलं म्हणजे भिकारी," मी म्हणायचो. "उन्हाळा आला की उघडं."

"भिकारी नाही, हिशेबी. पान टाकलं म्हणजे हार मानली असं नाही. पाणी वाचवते ते." मग लाटणं थांबायचं. "सांगा बरं, खारून नदीले पाणी कुठून येते?"

"आभाळातून."

"आभाळ चार महिने देते. बाकीचे आठ महिने कोण देते?"

"नळवाला," मी म्हटलं.

तिनं लाटणं उगारलं, पण हसली. मग सांगितलं, की पडलेलं पाणी जंगल आपल्या पाल्यापाचोळ्यात, मुळांत धरून ठेवते आणि थोडं थोडं सोडते. जंगल गेलं की नदी पावसाळ्यात घरात येते आणि उन्हाळ्यात आपल्या पात्रातूनही जाते. मले हे सगळं समजायचं. पण समजलं असं म्हणायचं नाही, हा माझा हट्ट. मी म्हणायचो, "तुझं जंगल पुस्तकातलं. माझ्या मशिनीवर साऱ्या दुनियेचं जंगल रोज येते."

आणि ते खरंही होतं. विशाखापट्टणमच्या बंदरावर जहाजातून उतरलेले ओंडके ट्रकमध्ये आमच्याकडे यायचे. पाइन चिरताना त्याचा चीक करवतीच्या पट्ट्याले चिकटायचा आणि मशिनीवर उदबत्तीसारखा वास सुटायचा. बर्माचं सागवान तेलकट. त्याचा भुसा हाताले लागला की हात मऊ व्हायचे. मलेशियाचं लाल लाकूड नरम, मुकाट्यानं चिरलं जाणारं. आणि आपल्या इकडची सरई... सरई चिरायची म्हणजे पट्ट्याचे दात जायचे. मी ही लाकडं डोळे मिटून, नुसत्या वासावरून ओळखायचो. ते कुसुमले सांगितलं तेव्हा ती लाटणं ठेवून माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "मले एकेक चकती आणून द्या ना. पोट्टे नुसता नकाशा पाहतात. त्यांले हात लावू द्या."

मले आवडलं ते. आयुष्यात पहिल्यांदा मास्टरीनबाईले माझ्याकडून काही पाहिजे होतं. ओंडक्याच्या टोकाची बोटभर जाड चकती कापायची, घासायची, घरी न्यायची. मशिनीवरच्या गड्यांनाही नाद लागला, ट्रकवाले विचारायचे, "भाभी का कलेक्शन कहाँ तक पहुँचा?" एका ड्रायव्हरनं तर बंदराकडून खारफुटीचं वाळलेलं मूळ आणलं, चिखलातून वर निघालेल्या खुंटीसारखं. कुसुमनं एक लोखंडी पेटी घेतली, आत पुठ्ठ्याचे खण केले, एकेका खणात एकेक चकती आणि तिच्याखाली एक कार्ड. कार्डावर वर हिंदीत, पोट्ट्यांसाठी. खाली बारीक अक्षरात मराठीत. मी विचारलं, शाळा हिंदीची, मराठी काहून? म्हणाली, "तुम्ही आणलं ना. तुम्हाले वाचता आलं पाहिजे."

त्या पेटीत मी एक खोटं घातलं. बर्फाच्या देशातलं लाकूड पाहिजे म्हणून ती मागे लागली होती. आमच्याकडे रशियाचा माल काही येत नव्हता. मी दुसऱ्याच कुठल्या गरम देशातल्या पाइनची चकती दिली आणि म्हटलं, ही रशियाची. ती इतकी खूश झाली की... काय सांगू. पाच-सहा दिवस चकती पेटीत राहिली. मग एका संध्याकाळी ती चकती घेऊन माझ्यासमोर बसली. "हे पाहा," म्हणाली, "झाड एका वर्षात एक कडं वाढते. बर्फात राहणारं झाड हळू वाढते, त्याची कडी केसासारखी बारीक असतात. याची कडी बोटाएवढी रुंद." ती रागावली नाही. चकतीवरून हात फिरवत म्हणाली, "लाकडाच्या बाबतीत मले फसवू नका जी. झाडाच्या पोटात सगळं लिहिलेलं असते." तिनं कार्ड बदललं. पुढे कुठूनतरी देवदारची चकती मिळाली, ती थंडीच्या जंगलात लावली. मी मनात म्हटलं, पुन्हा हिच्याशी खोटं बोलायचं नाही. म्हटलं होतं खरं.

आता सालाचं सांगतो. आमचं घर बौद्ध. बुद्धपौर्णिमेले वंदना झाली की कुसुम पाऱ्यातल्या बायकापोरांना तथागतांची गोष्ट सांगायची, की ते साल वृक्षाखाली जन्मले आणि दोन साल वृक्षांच्या मधोमध त्यांनी डोळे मिटले, तेव्हा बहर नसतानाही झाडांनी फुलं टाकली. मी मागे बसून ऐकायचो. आमच्या मराठीत साल म्हणजे वर्ष, नाहीतर केळीची साल. साल वृक्ष म्हणजे कोणतं तरी पुस्तकातलं झाड असेल, असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधी नाही. विचारलं म्हणजे येत नाही हे कबूल करणं.

राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. कुसुमच्या शाळेतल्या एका बाईंच्या गावी लग्न होतं, धमतरीच्या पलीकडे, जंगलाच्या अंगाने. जून लागलेला, पाणी यायचं होतं. सकाळी आम्ही दोघं जंगलात शिरलो. सरळसोट झाडं, ताठ उभी. वारा आला की वरून पंखवाल्या बिया भिरभिरत खाली यायच्या, भोवऱ्यासारख्या. मी एका खोडावर हात ठेवला, वर पाहिलं आणि बोललो, "क्या माल आहे."

तोंडातून तेच निघालं. इतकी वर्षं सरई चिरली, पण उभी सरई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली होती. मेलेलंच पाहिलं असल्यानं जिवंताले काय म्हणायचं ते माहीतच नव्हतं. कुसुम म्हणाली, "माल नाही जी. साल आहे हा."

"सरई आहे," मी म्हटलं. "लाकडाचं तू मले नको सांगू."

"सरई म्हणजेच साल."

मी हसायले गेलो आणि हसू अर्ध्यावर राहिलं. ज्या झाडाखाली तथागत जन्मले, ज्यांच्यामध्ये गेले, ते झाड मी रोज पट्ट्यावर चढवत होतो, दात मोडले की त्याले शिव्या देत होतो, आणि पौर्णिमेले त्याच झाडाच्या नावानं हात जोडून बसत होतो. चिरण्यात पाप आहे असं मी म्हणत नाही, पोट त्याच्यावर चाललं. पण ज्याच्यासोबत आयुष्य काढलं त्याचं नाव माहीत नसावं... तिथंच टोपलीत बिया वेचणारी एक म्हातारी आमचं ऐकून राहिली होती. कुसुमनं पदरात बिया घेतलेल्या पाहून म्हणाली, "आजे बो देबे दीदी, नइ त मर जाही." आजच पेर, नाहीतर मरेल. सालाचं बी थांबत नाही. वाळवून, डब्यात भरून ठेवायचं ते बी नव्हे. कुसुम तेव्हाच उठली. बाईंच्या घरी जेवणाची पंगत बसत होती, आम्ही न जेवता बस धरली. तिसऱ्या प्रहरी घरी पोचलो आणि तिनं पायही न धुता अंगणात, फाटकाच्या उजव्या बाजूले, बिया लावल्या. भोवती विटांचं कडं केलं.

एकच उगवलं. पावसाळ्यात दोन पानं, मग चार. कुसुम ओल्या फडक्यानं त्यावरची काळी भुकटी पुसायची आणि फडकं शाळेत नेऊन पोट्ट्यांले दाखवायची, की पान आपल्यासाठी हे सगळं अंगावर घेते. मग उन्हाळा आला आणि रोप वाळलं. काडी उरली. मी म्हटलं, "मेलं वं तुझं झाड." ती म्हणाली, "थांबा. पाणी पडू द्या." पाणी पडलं आणि त्याच जागी जमिनीतून पुन्हा कोंब आला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वाळलं, पुन्हा आलं. असं पाच-सहा वर्षं. तिनं मले सांगितलं होतं, चांगलं समजावून सांगितलं होतं, की साल असाच असते; वरून मरते आणि खाली मूळ वाढवत बसते. मूळ पक्कं झालं की मग एकदाचं वर निघते ते थांबत नाही. "आपल्या पोट्ट्यांसारखं नाही ते," म्हणायची, "वर आधी दाखवत नाही." जाता-येता एक तांब्या पाणी टाकत जा, इतकंच मागितलं होतं तिनं माझ्याकडून. मी टाकलं नाही. विसरलो म्हणून नाही. बायकोनं सांगितलेलं काम पाऱ्यासमोर करायचं नाही म्हणून.

तोवर राजधानीचा वारा आमच्या पाऱ्यातही शिरला होता. जो तो अंगण बुजवून पोर्च करून राहिला. शेजारी म्हणायचा, "भैया, रहते हो राजधानी में, आँगन अभी तक गाँव का है." संजूची गाडी आली होती. नागपूरचे, पोरीकडचे लोक त्याच्या लग्नासाठी आमचं घर पाहायले येणार होते. आणि मातीच्या अंगणाची, त्यात विटांच्या कड्यात उभ्या असलेल्या वाळक्या काडीची मले लाज वाटली. लाज कशाची वाटायले पाहिजे आणि मले कशाची वाटली, पाहा. कुसुम बहिणीच्या ऑपरेशनसाठी गोंदियाले गेली होती, आठ दिवस. मी मिस्त्री बोलावला.

मे महिना होता. मिस्त्रीनं विटांच्या कड्याजवळ फावडं थांबवलं आणि विचारलं, "चाचा, ये पौधा निकाल के कहीं और लगा दूँ?" त्यानं विचारलं, हे मी विसरू शकत नाही. त्याचं काही अडलं नव्हतं, तरी विचारलं. मी म्हटलं, "सूखा है. डाल दो ऊपर से." ते खोटं नव्हतं. वाळलेलंच होतं. म्हणूनच ते सगळ्यात मोठं खोटं होतं, कारण त्या मिस्त्रीले माहीत नव्हतं आणि मले माहीत होतं. सहा वर्षं कुसुमनं मले तेच शिकवलं होतं. विटाही त्यानं भरावात टाकल्या. संध्याकाळपर्यंत फाटकापासून पायरीपर्यंत सपाट, गुळगुळीत झालं. मले बरं वाटलं. हेही लिहितो. बरं वाटलं होतं.

कुसुम आली तेव्हा सिमेंटवर ओली पोती अंथरलेली होती. रिक्षातून उतरली, पिशवी हातातच, फाटकाशी उभी राहिली. उजवीकडे पाहिलं. मी घाईनं म्हटलं, "वाळलं होतं ते."

"हव," ती म्हणाली. "उन्हाळ्यात वाळतेच ते."

मग पायरीकडे जायले निघाली, ओल्या पोत्यांच्या काठाकाठानं, पाय न पडू देता. दारापाशी वळली आणि विचारलं, "सिमेंटले पाणी मारता ना रोज?"

"मारतो," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ. नाहीतर तडकते."

"मारत जा," म्हणाली आणि आत गेली.

बस्स. एवढंच. त्यानंतर त्या झाडाचं नाव तिनं काढलं नाही. भांडली असती, चार दिवस बोलली नसती, तर मीही ओरडून घेतलं असतं आणि सारखं झालं असतं. ती नेहमीसारखी राहिली. ती रिटायर झाली, पेटी शाळेतून घरी आली आणि पलंगाखाली गेली, मग संजूचं लग्न झालं. वर्षातून एकदा ती चकत्या बाहेर काढून जवसाचं तेल लावायची. मी त्या दिवशी बाहेर निघून जायचो. फक्त एक मी पाहिलं. त्या वर्षी पहिलं पाणी पडल्यावर ती चहाचा कप घेऊन पोर्चच्या काठावर बसली, दर वर्षी कोंब पाहायले बसायची तशीच. आठ-दहा दिवस बसली. मी खिडकीतून पाहायचो. सिमेंटवर पाणी साचायचं, वाळायचं. मग तिनं बसणं सोडलं.

दवाखान्यात तिच्या पलंगासमोर भिंतभर एका जंगलाचं चित्र होतं, धबधब्याचं. शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. म्हणाली, "झाडं थंडीची काढली आणि वेली गरम देशाच्या. कोणी विचारलं नसेल त्याले." मले हसू आलं आणि त्या हसण्यात वाटलं, आता सांगावं. मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, "कुसुम, तुले एक सांगायचं होतं."

"बोला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. थकलेली होती, पण पूर्ण पाहिलं, धडा सांगताना पाहायची तसं. मी म्हटलं, "चहा आणू का थोडा?"

तिनं मान पुन्हा चित्राकडे वळवली. म्हणाली, "आणा."

चहा आणला तेव्हा तिचा डोळा लागला होता.

पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी वंदना घेतली, लोक आले, गेले. पंधरा दिवसांनी शाळेतल्या नव्या मॅडम घरी आल्या. तरुण आहेत, घरचे आमच्याच विदर्भाकडचे, पण बोलतात हिंदी. म्हणाल्या, दीदींनी दवाखान्यात जायच्या आधी फोन केला होता, माझी पेटी शाळेले घेऊन जा म्हणून. संजूनं पलंगाखालून पेटी ओढली आणि पोर्चमध्येच उघडली. तेलाचा वास आला. पाइन, सागवान, लाल मलेशिया, देवदार, बाभूळ, खारफुटीची खुंटी... सगळं जागच्या जागी. मधला एक खण रिकामा होता, त्यात फक्त कार्ड. मॅडमनी ते उचलून वाचलं आणि इकडे तिकडे पाहिलं. "अंकल, इसमें लिखा है साल आँगन में देखो. कहाँ है?"

मी कार्ड हातात घेतलं. वर हिंदी, खाली बारीक मराठी. साल : अंगणात पाहा. बाकीची कार्डं जुनी, पिवळी पडलेली, हे पांढरं. मी उलटं केलं. मागे सोनेरी अक्षरात छापलेलं होतं, मंगल परिणय, आणि संजूचं नाव. त्याच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापलेलं होतं ते. पत्रिका छापल्या तेव्हा पोर्च होऊन सहा महिने झाले होते... म्हणजे सिमेंटवर बसून, सिमेंट पाहून, मग तिनं हे लिहिलं. पेटीचं तेव्हा शाळेत जाणं बंद झालं होतं. पोट्टे ते वाचणार नव्हते. मराठी ओळ तर पोट्ट्यांसाठी कधीच नव्हती. घरात मराठी वाचणारा माणूस दुसरा कोण होता. दर वर्षी ती तेल लावायले पेटी उघडायची आणि मी बाहेर निघून जायचो.

"आँगन तो कब का पक्का हो गया, मॅडम," संजू म्हणाला. "एक पौधा था मम्मी का. सूख गया था. ना पापा?"

मी मान हलवली असती तर संपलं असतं. मॅडमनी कार्ड काढून टाकलं असतं, पेटी रिक्षात गेली असती.

"वाळलं होतं, मेलं नव्हतं," मी म्हटलं. "गाडीच्या चाकाजवळ आहे. मी बुजवलं. मले माहीत होतं जिवंत आहे, तरी बुजवलं." मराठीतच बोललो, हिंदीत एकदा बोललो होतो, तेवढं पुरे. संजू माझ्याकडे पाहत राहिला. आईसारखेच डोळे आहेत त्याचे. म्हणाला, "मम्मी को पता था?" मी कार्ड त्याच्या हातात दिलं. मराठी वाचायले त्याले वेळ लागला. अक्षर अक्षर लावून वाचलं त्यानं, ओठ हलवत. मग गाडी मागे घेऊन रस्त्यावर लावली. "तोड़वा दें क्या, पापा?" म्हणाला. मी नाही म्हटलं. तोडून खाली काय निघेल ते मले माहीत आहे. इतक्या वर्षांत काही उरलेलं नसेल. आणि एकदा तोडलं की आपण भरपाई केली असं वाटून मी मोकळा होईन. मले मोकळं व्हायचं नाही.

मॅडम हळूच म्हणाल्या, "यह पर्ची निकाल दूँ, अंकल?"

"राहू द्या," मी म्हटलं. "पोट्टे वाचतील, विचारतील. तेव्हा इकडे घेऊन या त्यांले. अंगणात पाहा लिहिलं आहे तं अंगण दाखवावं लागते. मी सांगतो त्यांले काय झालं ते."

पुढच्या सोमवारी येणार आहेत, एक वर्ग. काय बोलायचं ते मी मनात लावून राहिलो आहे. जगात जंगलं किती तऱ्हेची ते मॅडम सांगतील. मी त्यांले एवढंच सांगीन की या जागी एक झाड होतं, दर वर्षी मरून दाखवायचं आणि मरायचं नाही, आणि ते ओळखणारी बाई या घरात होती, आणि न ओळखण्याचं सोंग करणारा हा समोर उभा आहे. ते हसले तर हसू देईन.

गाडी आता रस्त्यावरच राहते. सकाळी पोर्चवर काळी भुकटी असतेच, मी पाइप घेतो. सगळं धुऊन झालं की फाटकाच्या उजव्या बाजूले, त्या हातभर जागेवर, पाइप धरून थोडा वेळ उभा राहतो. सिमेंट आहे, पाणी आत जात नाही, वाहून जाते, हे मले दिसते. शेजारी विचारतो, "भैया, वहाँ क्या धो रहे हो इतना?" मी सांगत नाही. तिनं विचारलं होतं, पाणी मारता ना रोज... मारतो, कुसुम. रोज मारतो.